एका शब्दांधाची कैफियत

1887 सालच्या नोव्हेंबर महिन्यात पॅरिस शहरी एडमंड लांडोल्ट या नामांकित नेत्रवैद्याकडे 68 वर्षांचा एक सुखवस्तू गृहस्थ डोळ्यांची तक्रार घेऊन गेला. कापडाच्या व्यापारातून निवृत्त झालेला, चार पैसे गाठीशी बांधून असलेला, ग्रंथांचा आणि संगीताचा षोकीन असा हा मनुष्य वैद्यकाच्या दप्तरात ‘मस्यू सी’ एवढ्या आद्याक्षरानेच ओळखला जातो. मागच्या महिन्यात काही दिवस त्याचा उजवा हात आणि उजवा पाय अधूनमधून बधिर झाल्यासारखा वाटला होता, बोलताना जीभही किंचित अडखळली होती. पण ही दुखणी आली तशी गेली, आणि मागे राहिले ते एकच विचित्र गाऱ्हाणे, की छापलेले किंवा लिहिलेले एक अक्षरही त्याला वाचता येईनासे झाले होते. चष्म्याचा नंबर बदलला म्हणजे हा उपद्रव टळेल, अशी त्याची भाबडी समजूत होती.

लांडोल्टने दृष्टिपरीक्षेचा नेहमीचा तक्ता पुढे केला. अक्षरे मला स्पष्ट दिसतात, असे रुग्ण छातीठोकपणे सांगत होता, आणि ते खोटेही नव्हते, कारण समोरच्या अक्षराचा आकार तो हाताने बिनचूक काढून दाखवी; मात्र त्या अक्षराचे नाव विचारताच त्याची वाचा खुंटे. रोमन लिपीतला ‘ए’ त्याला चित्रकाराच्या घोडीसारखा भासला, ‘झेड’ सापासारखा आणि ‘पी’ पट्ट्याच्या बकलासारखा. ज्यांची नावे सांगता येत नाहीत त्या खुणा अक्षरेच आहेत, याची त्याला पुरती जाणीव होती, आणि म्हणूनच आपल्याला वेड तर लागले नाही ना, या धास्तीने तो हवालदिल झाला. मोडीचा सराव सुटलेल्या आपल्या पिढ्यांपैकी कोणी पणजोबांच्या दप्तरातला एखादा कागद उलगडला म्हणजे त्याची जी गत होते, तिच्याशी ही अवस्था काहीशी ताडून पाहता येईल: हे लेखन आहे, आपल्याच भाषेतले आहे, आपल्याच घराण्यासंबंधीचे आहे, हे सारे उमगते आणि तरी एक ओळ हाती लागत नाही. फरक इतकाच की आपल्याला मोडी कधी येतच नव्हती, आणि मस्यू सीला महिन्यापूर्वीपर्यंत सारे वाचता येत होते.

डोळे निर्दोष आहेत आणि दोष त्यांच्या पाठीमागे कुठेतरी आहे, हे लांडोल्टने ओळखले. या बाबतीत त्याचे श्रेय मोठे आहे, कारण तक्रारीप्रमाणे चष्मा लिहून देऊन गिऱ्हाईक वाटेला लावणे हा कोणत्याही काळातला सोपा मार्ग असतो. त्याने रुग्णाची रवानगी बिसेत्र इस्पितळातील झ्यूल देझेरिन याच्याकडे केली.

पॅरिसच्या दक्षिणेस असलेले बिसेत्र हे मूळचे वृद्ध, निराधार आणि वेडसर पुरुषांचे आश्रयस्थान. मेंदूच्या अभ्यासकांना मात्र त्याचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक होते, कारण 1861 साली पॉल ब्रोका याने वाचा गेलेल्या एका रुग्णाची शवचिकित्सा याच ठिकाणी करून, बोलण्याची शक्ती डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागाशी निगडित असल्याचा दाखला जगापुढे मांडला होता. त्यानंतर 1874 मध्ये जर्मनीत कार्ल व्हेर्निके याने ऐकलेल्या शब्दांचे ठाणे दाखवले, आणि 1877 मध्ये आडोल्फ कुसमाऊल याने, दृष्टी शाबूत असूनही वाचन नष्ट होण्याच्या व्याधीला ‘शब्दांधत्व’ हे नाव दिले. स्वतः शार्को या महापंडितानेही, लिहिता येते पण वाचता येत नाही अशा एका रुग्णाचे प्रात्यक्षिक साल्पेत्रिएर इस्पितळातील आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानांत केले होते. सारांश, व्याधीला नाव मिळाले होते, लक्षणे नोंदली गेली होती, पण मेंदूत नेमके काय बिघडते याचा पंचनामा कोणी केलेला नव्हता.

देझेरिनचा जन्म 1849 मधला, जिनिव्हाचा. विशीच्या उंबरठ्यावरचा हा स्विस तरुण शिक्षणासाठी पॅरिसला आला आणि तिथलाच झाला. मज्जासंस्थेच्या सूक्ष्म छेदांवर त्याची जी श्रद्धा होती, तिला पुढे 1888 मध्ये एक समर्थ जोड लाभली. त्या वर्षी त्याने जिच्याशी विवाह केला ती ओगुस्ता क्लुम्पके ही अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली विदुषी पॅरिसच्या इस्पितळांत निवासी वैद्य म्हणून प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री. हा हक्क तिला प्राध्यापकांच्या उघड विरोधाला तोंड देऊन मिळवावा लागला होता. या दांपत्याने मिळून सिद्ध केलेला मज्जाकेंद्रांच्या शारीररचनेवरील द्विखंडात्मक ग्रंथ आजही त्यातील आकृत्यांसाठी वाखाणला जातो. अशा माणसाच्या पुढ्यात मस्यू सी येऊन बसला, हा योगायोगच.

देझेरिनची तपासणी चिवट होती. रुग्ण बुद्धीने तल्लख होता, बोलणे अस्खलित होते, वस्तू आणि माणसे तो तात्काळ ओळखी. फक्त उजवीकडच्या अर्ध्या दृष्टिक्षेत्रात त्याला रंग दिसत नव्हते आणि वस्तू धूसर भासत होत्या. त्याच्या हाती त्याचे नेहमीचे ‘ल मातां’ हे वृत्तपत्र दिले तेव्हा त्याने ते लगेच ओळखले, पण ठेवणीवरून. शीर्षकातले एकही अक्षर त्याला सांगता आले नाही. मग ‘लँत्रांझिजां’ हे त्याच्या परिचयाचे नसलेले दुसरे वृत्तपत्र दिले, तेव्हा कितीतरी वेळ झगडूनही त्याला त्याचे नाव सांगता येईना. आकडे मात्र तो ओळखत होता, हिशेबही करत होता. आणि तिथेही एक गंमत होती, ती अशी की 112 ही संख्या दाखवली तर तो ‘एक, एक आणि दोन’ एवढेच म्हणे, आणि ‘एकशे बारा’ हे त्याला ती संख्या स्वतःच्या हाताने लिहून काढल्यावरच उमजे.

सर्वांत चमत्कारिक प्रकार लिहिण्याचा. सांगितलेला मजकूर तो सहज लिहून घेई, मनातला मजकूर कागदावर उतरवी, अक्षर पूर्वीसारखेच. पण लिहून झालेला तोच कागद क्षणभराने पुढे धरला तर त्यातला एक शब्द त्याला लागत नसे. लिहिता लिहिता मध्येच थांबवले तर पुढे कुठून सुरू करावे हे त्याला कळत नसे, कारण मागे काय लिहिले ते वाचून पाहण्याची सोयच उरली नव्हती. छापील मजकुराची नक्कल करायला सांगितले म्हणजे हाच पटाईत लेखनिक एखाद्या अपरिचित नक्षीची प्रत करावी तसा, पुनःपुन्हा नमुन्याकडे पाहत, रेघेला रेघ जुळवत बसे. आणि तरी एक चोरवाट त्याला सापडली होती. समोरच्या अक्षराची वळणे बोटाने हवेत गिरवली की हाताच्या हालचालीवरून त्याला अक्षर कळे! डोळ्यांकडून जी वर्दी आत पोहोचत नव्हती ती बोटांच्या स्नायूंकडून पोहोचत होती. म्हणजे अक्षरांचे ज्ञान नष्ट झालेले नव्हते, ते आत कुठेतरी सुरक्षित होते आणि केवळ दृष्टीला त्याचा दरवाजा बंद झाला होता. मला विचाराल तर, पुढच्या सव्वाशे वर्षांतला वाद या एका निरीक्षणात बीजरूपाने सामावलेला आहे.

यानंतर चार वर्षे हा गृहस्थ जगला, आणि त्या चार वर्षांत त्याच्या आयुष्यात वाचन सोडून बहुतेक सारे होते. तो पत्ते खेळे, आपली मालमत्ता आणि गुंतवणूक जातीने सांभाळे. संगीताचे लिखित स्वरांकनही त्याला वाचता येईनासे झाले होते, परंतु गाण्याचा नाद सुटला नव्हता. पत्नीने म्हणून दाखवलेल्या ऑपेरांतील नवनवी पदे तो केवळ कानावरून पाठ करी. अक्षरे पुन्हा शिकवण्याचे प्रयत्न झाले. धीर आणि चिकाटी यांची कमतरता नव्हती. यश मात्र आले नाही. देझेरिन या सर्व काळात त्याला भेटत राहिला, नोंदी करत राहिला. आजच्या संशोधकाला घाई असते, आणि ती समजण्यासारखीही आहे. पण एका रुग्णाची हकीकत चार वर्षे उराशी बाळगून, निष्कर्ष छापण्याचा मोह आवरून थांबणे, ही त्या पिढीची शिस्त होती. शिवाय या थांबण्याला दुसरा, जरा क्रूर अर्थही होता, तो असा की जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते, आणि निवाडा मृत्यूनंतरच व्हायचा होता.

1892 च्या जानेवारीत मस्यू सीला दुसरा झटका आला. या वेळी शब्दांची गल्लत होऊ लागली, तोंडातून भलतेच उच्चार निघू लागले, आणि इतकी वर्षे टिकून राहिलेले लेखनही समूळ गेले. काही सांगू पाहणारा तो वृद्ध खाणाखुणांवर आला. थोड्याच दिवसांत तो वारला. शवचिकित्सेत मेंदूच्या डाव्या गोलार्धात दोन जखमा निघाल्या, आणि त्यांची वये निराळी होती. जुनी जखम मागच्या बाजूला, दृष्टीच्या प्रदेशात आणि त्याखालच्या पृष्ठभागावर, पिवळसर पडून आकसलेली. तिने दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याचे मागचे टोकही खाल्ले होते. नवी जखम वरच्या बाजूला, कोनवलय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळीच्या आसपास, ताजी आणि मऊ पडलेली. पहिलीने वाचन नेले होते, दुसरीने लेखन आणि बोलणे. एकाच माणसाच्या आयुष्यात, चार वर्षांच्या अंतराने, निसर्गाने जणू दोन स्वतंत्र प्रयोग करून ठेवले होते.

देझेरिनजवळ याची दुसरी बाजू आधीच तयार होती. आदल्याच वर्षी त्याने अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती की ज्याचे वाचन आणि लेखन दोन्ही एकदम गेली होती, आणि त्याच्या मेंदूत कोनवलय बिघडलेले निघाले होते. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून त्याने जीवशास्त्र मंडळापुढे जो निष्कर्ष मांडला तो असा: अक्षरांच्या दृश्य प्रतिमांचा संग्रह डाव्या कोनवलयात असतो, तो संग्रहच जळाला तर माणूस वाचायलाही मुकतो आणि लिहायलाही. मस्यू सीचा संग्रह मात्र अखेरपर्यंत शाबूत होता, आणि म्हणूनच तो लिहू शकत होता. बिघडली होती ती वाट. डाव्या बाजूचे दृष्टीचे ठाणे जायबंदी झालेले, उजव्या बाजूचे ठाणे चांगले असले तरी त्याने पाहिलेले डावीकडे आणणारे तंतू तुटलेले. अशा रीतीने अक्षर दिसत होते पण त्याची वर्दी संग्रहापर्यंत जात नव्हती. वाचनासाठी मेंदूत जन्मतःच एखादे खास केंद्र असते, ही कल्पना देझेरिनला मान्य नव्हती. लेखनाचे स्वतंत्र केंद्र मानणाऱ्यांशीही त्याने वाद घातला. ही सावधगिरी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या काळात त्याच्या नावावर खपवलेली कित्येक मते त्याची नव्हती.

त्याच सुमारास, मेंदूला हात न लावता वाचनाचा छडा लावणारी दुसरी एक मंडळी कामाला लागली होती, आणि नवल म्हणजे या दोन्ही गटांना एकमेकांची फारशी खबर नव्हती. लायप्झिग येथे व्हिल्हेल्म वुंटच्या प्रयोगशाळेत जेम्स मॅकीन कॅटेल हा अमेरिकन तरुण वाचकाच्या डोळ्यांपुढे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरती अक्षरे धरत होता. एवढ्या अवधीत परस्परांशी संबंध नसलेली तीनचार अक्षरेच कशीबशी टिपता येतात. परंतु ती शब्दांत गुंफलेली असली तर दोन पुरे शब्द, आणि शब्द वाक्यात बसत असले तर चार शब्दही हाती लागतात, असे त्याला आढळले. 1886 पर्यंत त्याने हेही दाखवून दिले की नेहमीचा एखादा शब्द ओळखायला सुट्या अक्षराहून फारसा अधिक वेळ लागत नाही. म्हणजे सराईत वाचक अक्षरापाठोपाठ अक्षर जोडत शब्दाशी पोहोचतो ही शाळामास्तरी समजूत खोटी ठरली.

पॅरिसमध्ये लुई एमिल झावाल या नेत्रतज्ज्ञाने वाचनाच्या शरीरक्रियेवर 1878 आणि 1879 मध्ये लेखमाला लिहिली होती, आणि त्याच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या कामातून एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे डोळा ओळीवरून सरकत जात नाही; तो उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. थांबा साधारण पाव सेकंदाचा, उडी सातआठ अक्षरांची, आणि उडीच्या दरम्यान डोळा जवळजवळ काहीच टिपत नाही. याच झावालला पुढे काचबिंदूने संपूर्ण अंधत्व आले, आणि तरीही वाचन आणि लेखन यांच्या शरीरक्रियेवरचा आपला ग्रंथ त्याने 1905 मध्ये प्रसिद्ध केला. या उड्यांचा लेखी पुरावा मिळवण्यासाठी अमेरिकेत एडमंड ह्युई याने जी तजवीज केली ती ऐकून अंगावर काटा येतो: मध्ये भोक ठेवलेली प्लास्टरची एक चिमुकली वाटी बधिर केलेल्या बुबुळावर बसवायची, तिला अॅल्युमिनियमचा हलका काटा जोडायचा, आणि वाचक वाचू लागला की त्या काट्याने काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ ओढायची. 1908 मध्ये त्याने वाचनाच्या मानसशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला तो आजही शिळा झालेला नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडात शब्दांधत्वाला निराळेच वळण मिळाले. ग्लासगोचा नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड याने या व्याधीवर लिहिलेला लेख वाचून प्रिंगल मॉर्गन या वैद्याने 1896 मध्ये चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूला कसलीही इजा झालेली नव्हती आणि तरी त्याला वाचन येत नव्हते. शिक्षणाचा सारा व्यवहार तोंडी असता तर हा शाळेत पहिला आला असता, अशी त्याच्या शिक्षकाची ग्वाही होती. आजच्या ‘डिस्लेक्सिया’च्या प्रचंड ग्रंथसंभाराची ही गंगोत्री, तो प्रवाह स्वतंत्र आहे आणि इथे त्याच्या मागे जाण्याचे कारण नाही.

मेंदूतली ठाणी आणि वाटा दाखवणारा देझेरिनचा तक्ता मात्र लवकरच अप्रिय झाला. 1906 मध्ये बिसेत्रमधल्याच पिएर मारी याने ब्रोकाच्या सिद्धांतावर हल्ला चढवला, आणि 1908 मध्ये पॅरिसच्या मज्जावैद्यक मंडळात या प्रश्नावर ज्या बैठका झाल्या त्यांत मारी एका बाजूला आणि देझेरिन दांपत्य दुसऱ्या बाजूला असा खडाजंगीचा सामना रंगला. इंग्लंडात हेन्री हेड याने 1926 मध्ये, मेंदूत चौकोन आणि बाण काढणाऱ्या या सगळ्या संप्रदायाला ‘आकृतिकार’ म्हणून निकालात काढले. मेंदू हा अखंड कार्य करणारा अवयव आहे, त्याचे तुकडे पाडून त्यांना खाती वाटून देणे हा भोळेपणा आहे, असे मत विद्वानांत रूढ झाले, आणि देझेरिनचे निबंध ग्रंथालयांतल्या कपाटांत धूळ खात पडले.

ते पुन्हा बाहेर काढण्याचे श्रेय बॉस्टनच्या नॉर्मन गेश्विंड याला आहे. जुने फ्रेंच आणि जर्मन निबंध मुळातून वाचण्याची त्याला सवय होती, आणि गंमत म्हणजे ज्यांना सर्वांनी मोडीत काढले होते ते लेखक आपल्या समकालीनांहून अधिक काटेकोरपणे विचार करत होते, असे त्याला आढळून आले. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दीर्घ प्रबंधात त्याने अशी मांडणी केली की मेंदूच्या कित्येक व्याधी ठाणी उद्ध्वस्त झाल्याने नव्हे तर ठाण्यांमधले रस्ते तुटल्याने उद्भवतात. आणि या सिद्धांताचा अस्सल नमुना म्हणून त्याने मस्यू सीलाच साक्षीला उभे केले. त्या सुमारास कॅलिफोर्नियात रॉजर स्पेरी आणि त्याचे सहकारी, अपस्मारावरील उपाय म्हणून ज्यांच्या दोन्ही गोलार्धांमधला पूल शस्त्रक्रियेने कापला होता अशा रुग्णांचा अभ्यास करत होते, त्यामुळे गेश्विंडच्या म्हणण्याला चांगलाच आधार मिळाला. ‘वाट तुटली’ हा देझेरिनचा निर्णय पाऊणशे वर्षांनी अपिलात कायम झाला.

कायम झाला, पण फार काळ टिकला नाही. 1980 मध्ये लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला की जे प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर उच्चारून कसेबसे वाचत आणि ज्यांचा वेळ शब्दाच्या लांबीबरोबर वाढत जाई. शब्दाचे एकसंध दृश्यरूप घडवणारी जी यंत्रणा असते तीच इथे बिघडली आहे, असे त्यांनी प्रतिपादले. प्रश्न केवळ दळणवळणाचा उरला नाही. त्यानंतर जिवंत मेंदूतला रक्तप्रवाह टिपणारी चुंबकीय यंत्रे आली, आणि 2000 साली लोरां कोएन, स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट वाचकांच्या डाव्या गोलार्धाच्या तळाशी, मागच्या बाजूला, एक लहानसा पट्टा दाखवला, जो अक्षरांची माळ दिसताच जागा होतो. शब्द दृष्टिक्षेत्राच्या डाव्या अंगाला दाखवा वा उजव्या, ठिकाण बदलत नाही. शब्द दिसल्यापासून सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत हे काम होते, आणि ठसा लहान आहे की मोठा, अक्षरे लहान लिपीतली आहेत की मोठ्या, याची ही जागा फारशी पर्वा करत नाही.

आता मस्यू सीच्या जखमांचा जुना नकाशा पुन्हा पुढे घ्यावा लागला. त्याची 1887 ची पिवळी, आकसलेली जखम याच तळाच्या भागावरून गेली होती! देझेरिनने ज्या प्रदेशाला नुसता रस्ता मानले होते तोच घर ठरला, आणि ज्या कोनवलयाला त्याने संग्रह मानले होते त्याच्याकडे आता उच्चार, अर्थ आणि लेखन यांच्याशी संबंधित निराळी कामे सोपवली गेली. पुरावा तोच, काचपट्ट्यांवर जतन केलेले निरीक्षण तेच, निवाडा फिरला. यावरून देझेरिन चुकला असे म्हणण्याची घाई मात्र मी करणार नाही, कारण त्या जखमेने जागाही जाळली होती आणि पूलही तोडला होता, आणि दोहोंपैकी अपराधी कोण हे एका मेंदूच्या पाहणीवरून ठरवणे कोणालाही शक्य नव्हते.

नव्या मताला प्रतिवादी लगेच मिळाले. कॅथी प्राइस आणि जोसेफ डेव्हलिन यांनी 2003 मध्ये, शब्दरूपाचे खास ठाणे ही एक दंतकथा आहे, असा सरळ आरोप केला: हाच भाग चित्रांची नावे सांगताना, रंग ओळखताना, अंध माणसे ब्रेल चाचपताना सुद्धा कामाला लागतो, मग त्याला शब्दांचे ठाणे कोणत्या न्यायाने म्हणावे? तीन वर्षांनी पॅरिसच्या गटाने आपला सर्वांत जोरदार दस्तऐवज पुढे केला. अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत शस्त्रक्रियेपूर्वी विद्युत्संकेत टिपणाऱ्या बारीक तारा बसवल्या होत्या. त्याच्या वाचनाची कसून तपासणी झाली. मग या जागेला लागून असलेला एक लहान तुकडा काढून टाकावा लागला. शस्त्रक्रियेनंतर चेहरे, घरे, अवजारे तो पूर्वीसारखीच ओळखी, पण जे शब्द तो झटकन वाचत असे ते आता त्याला अक्षरा-अक्षराने लावावे लागत. मेंदूची तपासणी मृत्यूपूर्वी झाली एवढाच काय तो मस्यू सीच्या प्रकरणाहून फरक, आणि तो मोठा फरक आहे.

परंतु या साऱ्या खटल्यात एक साक्षीदार कोणी बोलावलाच नव्हता. मस्यू सीचे दुःख कळले कारण तो वाचणारा होता. वर्तमानपत्र, ग्रंथ, स्वरलिपी यांवाचून ज्याचा दिवस जात नाही अशा सुशिक्षित माणसालाच हे गाऱ्हाणे करता येते. बिसेत्रमधल्या एखाद्या निरक्षर वृद्धाला नेमका तसाच झटका आला असता तर त्याच्या व्याधीला नाव मिळाले नसते, कारण त्याचे काही हरवले आहे हे त्याला आणि वैद्याला दोघांनाही कळले नसते. लेखनकला पाचसहा हजार वर्षांपलीकडची नाही, आणि कालपरवापर्यंत बहुसंख्य माणसे तिच्यावाचून जगली. एवढ्या अवधीत निसर्गाने मेंदूत वाचनासाठी जागा घडवली असणे अशक्य. मग डाव्या गोलार्धाच्या तळाशी असलेला तो पट्टा निरक्षराच्या मेंदूत काय करतो?

दहेनचे उत्तर असे की तो पट्टा मुळात वस्तूंच्या कडा, कोपरे, रेघांचे सांधे आणि माणसांचे चेहरे पाहण्यासाठी असतो. अक्षरओळख झाली की साक्षरता त्यावर आपला ताबा सांगते. 2010 मध्ये त्याने आणि पोर्तुगाल-ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी 63 प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली, ज्यांत काही निरक्षर होते, काही मोठेपणी शिकलेले आणि काही लहानपणीच शाळेत गेलेले. वाचन जितके सफाईदार तितका त्या जागेचा अक्षरांना प्रतिसाद जोरदार, आणि त्याच ठिकाणी चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद तितका किंचित कमी, असे त्यांना आढळले. मोठेपणी शिकलेल्यांतही हा बदल दिसला, म्हणजे बालपणाची मुदत उलटली तरी ही जागा दार बंद करून बसत नाही.

शेवटची पाहणी आपल्या देशातली आहे, आणि देवनागरीतली. उत्तर प्रदेशात लखनौच्या आसपासच्या खेड्यांतील निरक्षर हिंदीभाषी प्रौढांना, ज्यांत स्त्रियांचा भरणा होता, सहा महिने वाचन शिकवून जर्मनी आणि भारतातल्या संशोधकांच्या एका गटाने शिकण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्या मेंदूची तपासणी केली, आणि 2017 मध्ये निष्कर्ष छापले. सर्वांचे लक्ष अर्थातच त्या डाव्या पट्ट्याकडे लागले होते. बदल आढळले ते त्याहून कितीतरी खोल, मेंदूच्या बुडख्याशी डोळ्यांच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या उंचवट्यांत आणि दृष्टीची वर्दी चाळून वर धाडणाऱ्या थॅलॅमसच्या मागच्या भागात. या दोन्ही ठिकाणांचा दृष्टीच्या मुख्य ठाण्याशी असलेला ताळमेळ शिकणाऱ्यांत वाढला होता, आणि ज्यांचा तो अधिक वाढला होता त्यांचे वाचनही अधिक सुधारले होते. झावालच्या उड्या आणि देझेरिनची जखम यांची गाठ पडावी अशी ही जागा. देझेरिनने 1892 मध्ये वाचनाचा जो तक्ता मांडला होता त्यात या दोहोंपैकी एकाही ठिकाणाचा उल्लेख नाही.